'अर्धसत्य'मधली टाळी

'अर्धसत्य' हा चित्रपट मी गेली अकरा-बारा वर्षे एम. ए.च्या विद्यार्थ्यांना दाखवत आलो आहे. तो अभ्यासक्रमात नाही. साहित्यकृतीचे माध्यमांतर शिकवताना श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, तिच्यावरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा आणि गोविंद निहलानींचा चित्रपट असा प्रवास दाखवता येतो, एवढेच त्याचे निमित्त. आमच्या महाविद्यालयात येणारी बहुतेक मुले मांजरी, लोणी काळभोर, उरुळी, थेऊर या पट्ट्यातली. मराठी विषय घेऊन एम. ए. करता करता यांतली निम्मीअधिक पोलीस भरतीची नाहीतर फौजदारकीच्या परीक्षेची तयारी करत असतात. पहाटे अंधारात सोळाशे मीटर धावतात, गोळाफेकीचा सराव करतात आणि साडेदहाला माझ्या तासाला येऊन पेंगतात. यात मला काही वावगे वाटत नाही. शेतीचे तुकडे प्लॉटिंगमध्ये गेलेल्या घरात सरकारी नोकरी म्हणजे काय असते, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते.

तर गेल्या खेपेला चित्रपट शेवटाकडे आला. फौजदार अनंत वेलणकर रामा शेट्टीचा गळा आवळतो आणि पडदा क्षणभर स्तब्ध होतो, तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. शिट्टीही वाजली. टाळ्या यापूर्वीही कधीकधी पडल्या होत्या, मीही त्या दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा करून मोकळा झालो होतो. या वेळी मात्र दिवे लागल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, त्याला मारल्यावर वेलणकर परत चौकीत कशाला गेला? निघून जायचं ना सरळ."

मी 'प्रायश्चित्त', 'आत्मशोध' असे काहीतरी बोललो. मुलगा समजूतदारपणे गप्प बसला. परंतु त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिलेले नाही, हे त्याला कळले होते आणि मलाही. हा लेख म्हणजे ते उत्तर देण्याचा उशिराचा प्रयत्न आहे.

प्रथम या चित्रपटामागच्या माणसांविषयी. १९८३ साली आलेला 'अर्धसत्य' हिंदी आहे. पण त्याची मुळे मराठी साहित्यात जितकी खोल आहेत तितकी क्वचितच एखाद्या हिंदी चित्रपटाची असतील. कथा पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची. हिंदी संवाद वसंत देव यांचे, म्हणजे ज्यांनी 'घाशीराम कोतवाल' हिंदीत नेले त्यांचे. चित्रपटाला शीर्षक आणि वैचारिक कणा देणारी कविता दिलीप चित्रे यांची. रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर हे नगरचे. 'हॅंड्स अप' या मराठी नाटकात निहलानींनी त्यांना पाहिले आणि चित्रपटात आणले. निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले, सिंधी. पण १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा चित्रपट केला तेव्हा छायाचित्रण त्यांचेच होते. म्हणजे तेंडुलकरांशी त्यांचे नाते 'आक्रोश'च्या (१९८०) आधीचे. पानवलकरांनी तर चित्रीकरणाच्या अनुभवावर 'शूटिंग' नावाचे पुस्तकच लिहिले. एका कथाकाराने, एका नाटककाराने आणि एका कवीने मिळून एका फौजदाराची गोष्ट सांगावी, हा योग आपल्याकडे पुन्हा आलेला मला तरी दिसत नाही.

या मंडळींनी निवडलेला काळही पाहण्यासारखा आहे. जानेवारी १९८२ मध्ये वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीने मेला. मुंबईतली पहिली नोंदली गेलेली 'चकमक' म्हणून पुढे ती सांगितली जाऊ लागली. त्याच महिन्यात गिरणी संप सुरू झाला. ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केले आणि शहरात लष्कर आणावे लागले. त्याआधी दहा वर्षे, १९७२ साली, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला होता. त्या मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना निर्दोष ठरवले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि कायदा बदलला तो १९८३ साली, म्हणजे 'अर्धसत्य' आला त्याच वर्षी. पोलीस कोठडीच्या दाराआड काय घडते, हा त्या वर्षांतला अगदी उघडा प्रश्न होता. सत्तरच्या दशकात नेहरू शिष्यवृत्ती घेऊन हिंसेचाच अभ्यास केलेल्या तेंडुलकरांना तो दिसला नसता तरच नवल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'अर्धसत्य' ही गुन्ह्याची गोष्ट आहे असे आपण म्हणतो, तेव्हा कोणता गुन्हा आपल्या मनात असतो? मी माझ्या वर्गाला विचारले. बहुतेकांनी रामा शेट्टीचे धंदे सांगितले. काहींनी वेलणकरने केलेला शेट्टीचा खून सांगितला. वेलणकरने दारूच्या अमलाखाली कोठडीत मारून मारून ठार केलेला किरकोळ चोर कोणालाही आठवला नाही. नुकताच, तासाभरापूर्वी, त्यांनी तो पडद्यावर मरताना पाहिला होता.

वास्तविक चित्रपटाचा सगळा तोल त्या चोरावर उभा आहे. शेट्टीने आपलेच माणूस जाळलेले, त्या मरत्या माणसाचा जबाब वेलणकरच्या हाती, आणि अटक करायला गेलेल्या वेलणकरला वरिष्ठांच्या एका फोनवर परत फिरावे लागते. आमदाराच्या माणसांना हात लावला म्हणून निलंबनाची तलवार येते आणि ती दूर होते तीही दिल्लीत वजन असलेल्या एका मध्यस्थाच्या कृपेने. दरोडेखोराला जिवावर उदार होऊन पकडतो हा, श्रेय जाते दुसऱ्याला. हे सगळे अपमान वरून येतात. वर हात पोचत नाही म्हणून तो खाली पडतो. कोठडीतला चोर हा वेलणकरच्या आयुष्यातला पहिला असा माणूस आहे की ज्याला मारल्याने काहीही होणार नाही असे त्याला वाटते. गावाकडे त्याचा बाप, निवृत्त पोलीस, आईला याच हिशेबाने मारत असे. मुलाने ते दाराआडून पाहिले होते. अमरीश पुरींचा तो बाप आणि ओम पुरींचा तो मुलगा एकमेकांसमोर बसतात, तेव्हा चित्रपट न बोलता सांगतो की रामा शेट्टी ही वेलणकरची अडचण आहे, त्याचा रोग मात्र घरचाच आहे.

चोर मेल्यानंतरच वेलणकरला शेट्टीच्या दारात जावे लागते. कारण त्याला कोठडीतल्या मृत्यूच्या चौकशीतून वाचवू शकेल असा आता तो एकच माणूस उरला आहे. शेट्टी त्याला हसतो. आपल्या बाजूला ये म्हणतो. आणि वेलणकर त्याचा गळा धरतो. म्हणजे ज्या क्षणाला माझा वर्ग टाळ्या वाजवतो, त्या क्षणी वेलणकर अन्यायाचा नायनाट करायला गेलेला नसतो. तो एका खुनातून सुटण्यासाठी मदत मागायला गेलेला असतो. टाळी वाजवायची तर हे विसरावे लागते. चोर विसरावा लागतो.

मराठीच्या विद्यार्थ्यांना याचा धागा लगेच सापडायला हवा, कारण आपण तो दरवर्षी वर्गात शिकवतो. 'अर्धसत्य'पूर्वी दशकभर आधी, डिसेंबर १९७२ मध्ये, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांनी रंगवलेला पहिला मोठा पोलीस हा पुण्याचा कोतवाल. इतिहासातल्या घाशीरामाचा अंत १७९१ साली झाला तो कोठडीतल्या मृत्यूंमुळे: त्याच्या ताब्यातले तेलंगी ब्राह्मण कोंडलेल्या जागेत गुदमरून मेले आणि शहर खवळले. नाटकात त्यांचा अपराध बागेतली फळे तोडण्याएवढा आहे. किरकोळ चोरी, कोठडी, मृत्यू. अकरा वर्षांनी तेंडुलकर मुंबईतल्या एका ठाण्यात हीच तीन पावले पुन्हा टाकतात, फक्त कोतवालाला आता ते आतून पाहतात. घाशीरामाला जमाव ठेचतो, त्याला घडवणारा नाना सुखरूप राहतो आणि लोकांना उत्सव करायला सांगतो. लोक करतात. नाटक आपल्याला तिथे सोडते, त्या गजरात, आणि आपल्याला त्या गजराची शरम वाटावी अशी अपेक्षा धरते.

'घाशीराम'च्या शेवटी लोक रंगमंचावर नाचतात आणि प्रेक्षक अस्वस्थ असतो. 'अर्धसत्य'मध्ये पडद्यावर कोणी नाचत नाही. ते काम प्रेक्षागृहाने आपल्याकडे घेतले. हा फरक कशाने पडला, याचा विचार करताना चित्रपटाला मी पूर्ण निर्दोष मानत नाही. पावणेदोन तास नायकाच्या मानखंडनेचे टाके इतके घट्ट घातले आहेत की गळा आवळला जाताना प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटावे, हे जवळजवळ अटळ आहे. दुसरे, अगतिकतेला नामर्दपणा आणि प्रतिकाराला पुरुषत्व म्हणायची जी भाषा चित्रपटभर वाहते, ती तपासली जात नाही. चित्रे यांची कविता या दोन शब्दांना तराजूत घालते आणि काटा मधोमध धरते. तिच्यात वल्गना नाही, संशय आहे. पण ओम पुरींच्या आवाजात ती इतकी भारून टाकते की संशय ऐकू येईनासा होतो. स्नेहसंमेलनात ही कविता म्हणणारी मुले मी दरवर्षी ऐकतो. सगळे छाती पुढे काढून म्हणतात. उपहारगृहातल्या त्या प्रसंगात वेलणकर ती सहज म्हणून वाचायला घेतो आणि ओळीगणिक त्याचा चेहरा उतरत जातो, हे त्यांतल्या कोणाच्याही लक्षात नसते. मर्दानगीचे ते माप चित्रपटाने आणखी स्पष्टपणे नाकारले असते, तर पुढच्या पोलीसपटांना इतका आयता माल मिळाला नसता असे मला वाटते.

तरीही 'अर्धसत्य' त्या पुढच्या चित्रपटांहून वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा मागच्या बाकावरच्या त्या मुलाने नेमका ओळखला. वेलणकर परत चौकीत जातो. जाऊन सांगतो. 'सिंघम'शी (२०११) ताडून पाहा. तिथेही खलनायक राजकारणात शिरलेला गुंड आहे, तिथेही पोलिसांची मानखंडना आहे, तिथेही शेवटी त्याला ठार मारले जाते. परंतु मारल्यानंतर सगळे खाते एकत्र येऊन ती आत्महत्या होती असे जगाला सांगते. खोटी नोंद हाच त्या चित्रपटाचा विजयोत्सव आहे. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका भाषणात नेमके याच शेवटावर बोट ठेवून विचारले होते की न्याय झाला असे दाखवले, पण तो झाला का? १९८३ ते २०११ या अठ्ठावीस वर्षांत आपल्या चित्रपटांनी वेलणकरकडून गळा आवळणे घेतले आणि चौकीकडे परत चालत जाणे गाळले.

आणि हे पडद्यापुरते राहिले असते तर मी एवढी शाई खर्च केली नसती. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादेत चार आरोपी पहाटे गोळ्यांनी मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. त्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ साली चकमकीची पोलिसांनी सांगितलेली कहाणी नाकारली. तोवर फुले केव्हाच सुकून गेली होती. मुंबईतल्या चकमकींसंबंधीच्याच एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी नियम घालून दिले: गुन्हा नोंदवावा, तपास स्वतंत्र यंत्रणेने करावा, दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करावी. त्याला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. गावात पेढे वाटले गेले. त्या आरोपीवरचा आरोप इतका भयंकर होता की पेढे वाटणाऱ्यांचा संताप मला परका वाटत नाही. मीही एका मुलीचा बाप आहे. पण वर्गातली टाळी आणि ते पेढे एकाच दुकानातले आहेत, हेही मला नाकारता येत नाही.

इथे थोडे बाहेर पाहू. १९८४ साली चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारी महोत्सवात 'अर्धसत्य'साठी ओम पुरींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास सोविएत संघात अलेक्सेई गेरमान यांचा 'माझा मित्र इवान लापशिन' पूर्ण झाला होता. तो प्रेक्षकांपुढे आला १९८५ साली. तोही पोलीसपट, तोही साहित्यातून आलेला: गेरमान यांचे वडील युरी गेरमान यांच्या कथांवरून. १९३५च्या सुमाराचे एक आडगाव, गुन्हे शाखेचा प्रमुख लापशिन, सरळ आणि श्रद्धाळू माणूस, आणि सोलोव्ह्योव नावाच्या गुंडाची टोळी. शेवटी सोलोव्ह्योव हात वर करून धुक्यातून बाहेर येतो आणि लापशिन त्याला गोळी घालतो. कोणी काही बोलत नाही. दिवस पुढे चालू राहतो. अवघ्या दोन वर्षांनी याच खात्याच्या हातून त्या देशात काय होणार आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. पडद्यावरच्या कोणालाच नसते. दोन वेगळ्या राजवटींत, एकमेकांची गंधवार्ता नसताना, दोन दिग्दर्शकांना एकच गोष्ट दाखवावीशी वाटली: चांगला पोलीस असहाय माणसाला मारतो तो क्षण. गेरमान यांच्या चित्रपटात टाळी वाजवायला जागाच नाही. निहलानींच्या चित्रपटात ती आहे, पण चुकीच्या ठिकाणी वाजवली तर पुढची दोन मिनिटे ऐकू येत नाहीत.

आता शेवटचे, आणि मला सर्वांत अवघड जाणारे. 'अर्धसत्य'वर इतके लिहिले गेले, पण ज्योत्स्ना गोखलेच्या नोकरीकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. स्मिता पाटील यांनी उभी केलेली ही मुलगी महाविद्यालयात साहित्य शिकवते. म्हणजे ती आपल्यातली आहे. तिच्याच पुस्तकातून ती कविता वेलणकरच्या हातात येते. तिचे प्रश्न योग्य असतात, तिला त्याच्यातली हिंसा इतरांच्या आधी दिसते, आणि ती तिला सोसवत नाही. आधीच्या 'आक्रोश'मधला वकील भास्कर कुलकर्णी असाच सुशिक्षित साक्षीदार होता. तेंडुलकर या पांढरपेशा माणसांची टिंगल करत नाहीत; पण त्यांना सूटही देत नाहीत. कविता हातात पडली, वाचली गेली, माणसाच्या काळजाला लागलीही, आणि तरी चोर मेला.

गेली इतकी वर्षे मी काय केले? कविता फळ्यावर लिहिली. चक्रव्यूह, अभिमन्यू, प्रतिमा, मिथक. माध्यमांतराचे तीन टप्पे. परीक्षेत दहा गुणांची टीप. ज्योत्स्नाने निदान एका फौजदाराला तोंडावर प्रश्न विचारले होते. माझ्यासमोर दरवर्षी दहा-पंधरा होणारे फौजदार आणि शिपाई बसतात आणि मी त्यांना कवितेतला चक्रव्यूह समजावतो. कोठडीतल्या त्या माणसाविषयी मी एकदाही तास घेतला नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला आता असे सुचते. वेलणकर चौकीत जातो तो खरी नोंद करायला. चोराच्या मृत्यूची खरी नोंद त्याने होऊ दिली नव्हती. ती मिटवण्यासाठीच तो शेट्टीकडे गेला होता. दुसऱ्या खुनानंतर तो खोट्याचा तो धागा तोडतो. याने चोर परत येत नाही, शेट्टीला पोसणारे कोणी हलत नाही, व्यवस्था जशीच्या तशी राहते. फक्त एका ठाण्याच्या दप्तरात एक वाक्य खरे लिहिले जाते. सत्याचा अर्धाच भाग म्हणा हवे तर. पण तो अर्धा पोलिसाच्या हातातला आहे, आणि ज्याने शब्दांचाच अभ्यास केला त्याच्याही.

पंचनामा, फिर्याद, जबाब, ठाण्याची दैनंदिनी. हीही मराठी गद्याचीच रूपे आहेत आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आयुष्यभर तीच लिहिणार आहेत. म्हणून या वर्षी चित्रपट संपल्यावर मी कवितेवर प्रश्न विचारणार नाही. एकच स्वाध्याय देणार आहे: त्या रात्रीची ठाण्याच्या दैनंदिनीतली नोंद लिहा, एक पान, चोराच्या मृत्यूची. कोण होता, कशासाठी आणला, कोणी मारले, किती वाजता. जे पडद्यावर दिसले तेवढेच, आणि त्यातले काहीही न गाळता. बघू, कितीजणांना लिहिता येते. मलाही ते लिहून पाहावे लागेल.